बाइंडिंग वायर

प्रेसला दोन बटणं असतात.
दोन्ही एकदम दाबली तरच रॅम खाली येतो.
ज्यानं मशीन बनवलं त्याला माणसं माहीत होती :
हात रिकामा ठेवला तर हा कुठंतरी घालणार.

अंबडला आमच्या शॉपमध्ये
उजवं बटण तारेनं आवळलेलं असायचं.
आवळलेलं म्हणजे, मी आवळलेलं.
सेटर मी, पक्कड माझी,
वायर स्टोअरमधून सही करून आणलेली, अर्धा मीटर.
उजवा हात मोकळा झाला की
नऊशेचे चौदाशे पीस होतात.
सुपरवायझर मशीनकडे बघत नसे,
फळ्यावरच्या आकड्याकडे बघायचा.

काशिनाथ भोये. सुरगाण्याकडचा, बाऱ्ह्याच्या पुढचा.
तिसरी शिफ्ट, पहाटे चार दहा.
तो ओरडला नाही.
मशीन थांबलं म्हणून आम्ही वळून बघितलं.

स्क्रॅपच्या ट्रेमध्ये दोन बोटं सापडली.
कँटीनच्या पोऱ्यानं बर्फ दिला.
तिसरं मी हातमोजे काढून शोधलं,
पत्र्याच्या कात्रणात, तेलात.
सोमवारी स्क्रॅप वजन करून गेलं.

दोन जोडता आली नाहीत. असो.

त्याचं ईएसआयचं कार्ड
अपघातानंतर दोन दिवसांनी निघालं,
तारीख आधीची.
आणि इन्स्पेक्टर येण्याआधी
मी ती तार कापली,
बटणावरचा गंज पॉलिश पेपरनं घासला.
फॉर्मवर लिहिलेलं होतं :
अपघाताचे कारण, कामगाराचा निष्काळजीपणा.
खाली साक्षीदार.
माझं अक्षर चांगलं आहे.
शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो.

मेडिकल बोर्डानं तीस टक्के दिले.
सातपूरच्या दवाखान्याबाहेर, रसवंतीपाशी,
त्यानं मला विचारलं, तीस टक्के कशाचे?
म्हटलं, कमवायची ताकद तेवढी गेली, असं धरतात.
त्यानं ग्लास डाव्या हातात घेतला,
बराच वेळ नुसता धरून ठेवला.
मग सत्तर टक्के काम द्या ना, म्हणाला.

कंत्राटदारानं दिलं नाही.
दिंडोरीत द्राक्षाच्या विरळणीला गेला,
तर कात्री बसेना हातात,
घडाऐवजी काडीच तुटायची.
मालक चांगला होता, पूर्ण दिवसाची मजुरी दिली
आणि उद्या येऊ नको म्हणाला.
आता तो चुंचाळ्याच्या खोलीत
पोरीची वेणी घालायला शिकतोय.
दोन पेडांची जमते. तीन पेडांची नाही.

त्याच्या बायकोला मात्र घेतलं,
माणुसकी म्हणून. साहेबांचाच शब्द.
आधी पॅकिंगला होती जिजा,
मग बफिंगला, मग कुणी गावी गेलं, कुणी आलं नाही,
आणि काल सकाळी ती चार नंबरच्या प्रेसवर.

दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर,
एखाद्याच्या पाया पडावं तसे.
दाब. उचल. काढ. ठेव. दाब.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशे दहा.
सुपरवायझर आला, फळ्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे : जरा बघ ना रे हिचं.

मी काही बोललो नाही.
तीच जवळ आली, कपाळाचा घाम दंडाला पुसत,
हळूच म्हणाली,
भाऊ, बाकीचे त्या बटणाला काहीतरी करतात ना?
तेवढं मलाही करून द्या.
इन्सेंटिव्ह बसला तर पोरीची फी निघंल.

तिला माहीत नव्हतं?
का माहीत होतं, आणि तरीही?

पक्कड घरी राहिली, म्हणालो.
ती खिशात होती, मांडीला रुतत होती.
आज पुन्हा तेच सांगितलं.
तिनं मान हलवली.
मग माझ्या खिशाकडे बघितलं.